पहिल्या केमोआधी विचारायचा प्रश्न

बेंगळुरूच्या चिकपेटेतल्या भावसार आणि नामदेव शिंपी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. अशा एखाद्या घरातल्या मुलीला हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग निघाला, की सगळे विचारतात, ‘वाचेल ना?’ आज या आजारातल्या बहुतेक मुली बऱ्या होतात. म्हणूनच दुसरा प्रश्नही त्याच दिवशी विचारायला हवा : पुढे तिला मूल होईल का?

मुलगी सारी स्त्रीबीजे जन्मतःच घेऊन येते. पुढे त्यांत भर पडत नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोची औषधे आणि ओटीपोटावरचे रेडिएशन हा साठा झपाट्याने घटवतात. स्त्रीबीजे गोठवायची, तर सुमारे दोन आठवडे इंजेक्शने घ्यावी लागतात. तेवढा वेळ अनेकदा हाती नसतो आणि वयात न आलेल्या मुलीसाठी तो मार्गच नसतो.

तिथे अंडाशयाची ऊती गोठवण्याचे तंत्र उपयोगी पडते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशयाचा तुकडा किंवा एक अंडाशय काढतात. अपक्व बीजे बाहेरच्या थरात असल्याने तो थर सोलून जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करतात. पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होऊ नयेत म्हणून त्या संरक्षक द्रावणात भिजवतात, सावकाश थंड करतात आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. मुलगी बरी झाल्यावर, योग्य वेळी पट्ट्या पुन्हा रोपतात. साधारण चार-पाच महिन्यांत पाळी परतू शकते.

ब्रुसेल्सच्या डॉ. जाक दोने यांच्या एका रुग्णाची ऊती 1997 मध्ये गोठवली होती. 2004 मध्ये तिला मुलगी झाली. जगातली ही अशी पहिली नोंद. 2014 मध्ये बेल्जियममध्येच, सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीच्या केमोआधी, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ऊती गोठवलेल्या तरुणीला मूल झाले. गडचिरोली-नंदुरबारमध्ये सिकलसेलशी झुंजणाऱ्या घरांनाही हे माहीत असायला हवे.

मर्यादाही आहेत. ल्युकेमियात पट्ट्यांबरोबर कर्करोगाच्या पेशी परतण्याचा धोका असतो. गर्भधारणेची हमी नसते, खर्च येतो आणि ही सोय सर्वत्र नाही. तरीही अमेरिकेच्या प्रजनन वैद्यक संघटनेने 2019 मध्ये या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

डॉक्टर उपचारांच्या घाईत असतील, मुलगी लाजेल, आईवडील घाबरलेले असतील. तरी पहिला केमो लागण्यापूर्वी एवढे विचाराच : ‘डॉक्टर, हिची ओव्हरी जपण्यासाठी काही करता येईल का?’ हा प्रश्न विचारणे तुमचा हक्क आहे.