कंपनी परराज्यातील, दावा कोठे?

अमेरिका हे पन्नास राज्यांचे संघराज्य आहे. प्रत्येक राज्याची न्यायालये वेगळी. मग एका राज्यातील कंपनीने दुसऱ्या राज्यातील माणसाचे नुकसान केले, तर त्याने दाद कोठे मागावी? कंपनीच्या गावी जायचे म्हटले तर लांबचा प्रवास, वकिलाचा खर्च आणि बुडालेला रोजगार. गरिबाच्या दृष्टीने दूरचे न्यायालय हे नसल्यासारखेच होय. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार (१८६८) योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणतेही राज्य कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ शकत नाही. हे संरक्षण कंपन्यांनाही आहे. १८७८ च्या 'पेनॉयर विरुद्ध नेफ' या निकालाने जुना नियम पक्का केला. प्रतिवादी किंवा त्याची मालमत्ता राज्याच्या हद्दीत सापडली, तरच सामान्यतः तेथील न्यायालयाचा अधिकार चाले. पण कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. ती हद्दीत 'सापडली' असे कधी म्हणायचे?

याचे उत्तर १९४५ साली 'इंटरनॅशनल शू' खटल्यात मिळाले. या बूट कंपनीचे मुख्य ठाणे मिसूरी राज्यातील सेंट लुईस येथे होते. वॉशिंग्टन राज्यात तिचे कार्यालय नव्हते, मालाचा साठा नव्हता. मात्र १९३७ ते १९४० या काळात तिचे अकरा ते तेरा विक्रेते तेथे फिरत. नमुना म्हणून जोडातला एकच बूट दाखवीत आणि मागणी सेंट लुईसला पाठवीत. त्यांना वर्षाला एकूण एकतीस हजार डॉलरहून अधिक कमिशन मिळे. राज्याने बेरोजगारांच्या निधीसाठी कंपनीकडे वर्गणी मागितली. तेव्हा 'आम्ही या राज्यात नाहीच' असा तिचा बचाव होता.

सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सरन्यायाधीश हार्लन स्टोन यांनी 'किमान संबंधा'चे तत्त्व मांडले. राज्याशी कंपनीचा संबंध इतका असावा की, तेथे तिच्यावर दावा चालविणे न्यायबुद्धीला खटकू नये. जो राज्याच्या कायद्याचे संरक्षण घेऊन व्यापार करतो, त्याच्यावर त्यातून जबाबदारीही येते.

या तत्त्वाला मर्यादाही आहे. न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या मोटारीला ओक्लाहोमात अपघात झाला. परंतु विक्रेत्याचा ओक्लाहोमात काहीच व्यवसाय नव्हता. गाडी ग्राहकाने तेथे नेली होती. म्हणून १९८० साली न्यायालयाने त्या विक्रेत्याला तेथे खेचण्यास नकार दिला. छोट्या दुकानदारालाही न्याय हवा, हे येथे लक्षात घ्यावे.

२०२१ साली फोर्ड कंपनीने असाच बचाव घेतला. माँटाना व मिनेसोटा येथे अपघात झाले, पण त्या विशिष्ट गाड्या प्रथम अन्य राज्यांत विकल्या गेल्या होत्या. न्यायालयाने तो मानला नाही. फोर्ड या दोन्ही राज्यांत त्याच प्रकारच्या गाड्यांची जाहिरात, विक्री आणि दुरुस्ती करीत होती. अपघातग्रस्तही तेथलेच रहिवासी होते.

थोडक्यात, कंपनीची नोंदणी जेथे झाली आणि मुख्य कारभार जेथून चालतो, तेथे तिच्यावर सामान्यतः कोणताही दावा लावता येतो. इतर राज्यांत मात्र तिने तेथे हेतुपूर्वक व्यवसाय केला आहे काय आणि तक्रारीचा त्याच्याशी संबंध आहे काय, हे प्रामुख्याने पाहिले जाते. नफा घेण्यासाठी जी दारापर्यंत येते, तिला जाब देण्यासाठीही तेथे यावे लागावे, हेच या निकालांचे सार आहे.