आभासी खेळांचा धंदा : हेडसेट घेण्यापूर्वी

भुसावळात संगणकावरील खेळांचे दुकान काढू पाहणाऱ्या तरुणांना आता व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे आकर्षण वाटते. हेडसेट डोळ्यांवर चढविला की दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि मान वळविताच दृश्यही वळते. आपण खेळाच्या आतच उभे आहोत, असा भास होतो.

भांडवल थोडे असले की जुन्या मालाकडे कल जातो. येथेच सावध राहावे. एचपी, एसर, लेनोवो यांचे ‘विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी’ हेडसेट घेऊ नयेत. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती सोयच काढून टाकली. आमच्या मते २०२३ साली आलेला मेटा क्वेस्ट ३ बरा. तो स्वतंत्रपणे चालतो आणि केबलने संगणकालाही जोडता येतो.

संगणक दमदार हवा. ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ या खेळाला किमान १२ जीबी रॅम व ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड लागते. नवख्या गिऱ्हाइकाला आधी ‘बीट सेबर’ द्यावा. तो जागेवर उभे राहून खेळता येतो, म्हणून चक्कर सहसा येत नाही. मात्र १० वर्षांखालील मुलांना क्वेस्ट देऊ नये, असे खुद्द कंपनी सांगते.

घरगुती परवान्याचा खेळ दुकानात पैसे घेऊन चालविता येत नाही. व्यावसायिक परवाना घ्यावा. आणि हेडसेट उन्हात ठेवू नये. भिंगांतून थेट ऊन पडले तर आतला पडदा जळतो. खानदेशात ही काळजी अधिकच हवी.

आधी एकच हेडसेट घ्यावा, गिऱ्हाईक जोखावे, मगच दुसऱ्यात पैसा घालावा.