उडायचं की थांबायचं? वैमानिकाकडून शिकू या आभाळ वाचायला



मागच्या सोयाबीन काढणीतली गोष्ट आहे. आम्ही नऊ-दहा जणी गटातल्याच एकीच्या वावरात होतो. दुपारी तीनच्या सुमाराला मावळतीकडून आभाळ काळंभोर झालं, गडगडायला लागलं. एक म्हणाली, "चला गं, घरी." दुसरी म्हणाली, "एवढी पात उरकू, पाच मिनिटांचं तर काम." जिचं वावर, ती बोलेना, कारण सोयाबीन भिजलं तर तिचं नुकसान. आम्ही बोलेना, कारण मजुरी बुडायची. एकमेकींच्या तोंडाकडे बघण्यात वेळ गेला आणि बांधावरच्या लिंबावर वीज पडली. खाली बांधलेली गाय जागीच गेली. आम्ही वाचलो.

पुढच्या बैठकीत हप्ते बाजूला राहिले आणि एकच प्रश्न निघाला. काम थांबवायचं कुणी आणि कधी? त्याचं उत्तर शोधताना आम्हाला अशा माणसांची पद्धत कळली, ज्यांना हा प्रश्न रोज सोडवावा लागतो. ती माणसं म्हणजे विमान चालवणारे वैमानिक. आज त्यांच्याबद्दल बोलू.

निघण्याआधी चार प्रश्न

आपल्या नांदेडचं विमानतळ सगळ्यांना माहीत आहे. २००८ साली गुरू-ता-गद्दीचा तीनशे वर्षांचा सोहळा झाला, तेव्हा ते नव्यानं सजलं. लातूरलाही विमानतळ आहे. तिथून उडणारं विमान लहान असो की मोठं, वैमानिक आधी हवामानाचे कागद बघतो. मनात चार प्रश्न असतात. इथं आत्ता हवा कशी आहे? जिथं जायचं तिथं पोचेपर्यंत कशी असेल? वाटेत काय आहे? आणि तिथं उतरता आलं नाही तर कुठं जायचं?

चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा. त्याचं उत्तर आधी ठरवून तेवढं जादा इंधन भरून घेतात. हवेत गेल्यावर शोधाशोध करत नाहीत.

'आत्ता'चा कागद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'मेटार' नावाच्या अहवालात असतं. तो दर तासाला किंवा अर्ध्या तासाला निघतो. एकच ओळ असते, पण ठासून भरलेली. समजा, त्यात असं आलं: वेळ ०९३०, वारा २४० अंश १२ नॉट, दिसणं ४००० मीटर, गडगडाटी पाऊस, ३००० फुटांवर सीबी ढग, तापमान २७, दवबिंदू २३.

आता ही ओळ उलगडू. वेळ साडेनऊ लिहिली असली तरी ती सगळ्या जगासाठी ठरवलेली एकच वेळ असते. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे आपल्याकडे दुपारचे तीन. वारा २४० अंश म्हणजे नैर्ऋत्येकडून. बारा नॉट म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर. दिसणं ४००० मीटर म्हणजे चार किलोमीटरच्या पलीकडचं नीट दिसत नाही. तापमान आणि दवबिंदू हे दोन आकडे जवळ आले की हवेत ओल भरपूर आहे असं समजायचं. हिवाळ्यात पहाटे ते एक झाले की धुकं पडण्याची लक्षणं.

आणि सीबी? तोच आपला उभा वाढणारा काळा ढग, वळवाचा आणि गारांचा. वीज त्याच्याच पोटात असते. एवढं मोठं विमान, पण वैमानिक या ढगात घुसत नाही. जोरदार ढग असेल तर तीस-पस्तीस किलोमीटर लांबून वळसा घालतो. आणि आपण त्याच ढगाखाली "एवढी पात उरकू" म्हणतो!

'पुढं'चा कागद

दुसरा कागद 'टाफ'. तो विमानतळाचा पुढच्या काही तासांचा अंदाज असतो, कुठं नऊ तासांचा, कुठं चोवीस किंवा तीस तासांचा. त्यात 'टेम्पो' असा शब्द येतो. आपल्याला टेम्पो म्हटलं की बाजाराला माल नेणारी गाडी आठवते. इथं त्याचा अर्थ 'थोड्या वेळापुरतं', म्हणजे सर येईल आणि तासाभरात ओसरेल. 'प्रॉब ३०' असं लिहिलं की तशी शक्यता शंभरात तीस. शंभरात सत्तर वेळा काही होणार नाही, हे वैमानिकालाही कळतं. तरी तो तीसची सोय करूनच निघतो, कारण ते तीस आले तर जीवावर बेततं.

आपल्या रेडिओवर आणि मोबाइलवर येणाऱ्या अंदाजातही असेच ठरलेले शब्द आहेत. "तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस" असं ऐकलं की आपल्याला वाटतं, पाऊस तुरळक, म्हणजे थोडासाच. तसं नाही. तुरळक हा शब्द ठिकाणांना लावलेला आहे, पावसाला नाही. शंभरातल्या पंचवीस ठिकाणांपर्यंत पाऊस असेल तर 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. त्याच्या पुढं पन्नासपर्यंत 'काही ठिकाणी'. पण ज्या गावात तो पडेल, तिथं धो-धो पडू शकतो, वीजही पडू शकते.

आणखी एक. टाफ हा विमानतळाच्या आसपासच्या साधारण आठ किलोमीटरपुरता असतो. आपल्याला मिळतो तो बहुतेक वेळा अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके, लातूरमध्ये दहा. किनवटला पाऊस कोसळत असताना देगलूरला ऊन असू शकतं. म्हणून "काल सांगितलं, पण आलाच नाही" असं म्हणून आजचा इशारा सोडून देऊ नका. काल शेजारच्या तालुक्यात तो आला असेल.

आभाळ माणूस बघत नाही

हवामान म्हणजे नुसता पाऊस नव्हे. २५ मे २०१७ ची निलंग्याची घटना आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर निलंग्याहून उडालं आणि लगेच खाली कोसळलं. वाऱ्यातला बदल जाणवल्यानं वैमानिकानं परत उतरायचं ठरवलं आणि हेलिकॉप्टर तारांत अडकलं, असं त्या वेळी सांगण्यात आलं. सुदैवानं सगळे बचावले.

मे महिन्यातली तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंख्याला जोर कमी मिळतो, तेवढंच वजन उचलणं जड जातं. म्हणून वैमानिक तापमान आणि वारा दोन्ही बघतो. त्यांच्या मर्यादा जमिनीवर असतानाच ठरलेल्या असतात. वारा एवढ्याच्या वर गेला, दिसणं एवढ्याच्या खाली आलं, तर जायचं नाही. मग प्रवासी कितीही घाईत असो. आमच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथं सापडलं. आभाळ भरून आल्यावर ठरवायला बसलं की भीड पडते, मजुरी आठवते, भिजणारं पीक दिसतं. म्हणून ठरवायचं ते आधी.

आमच्या गटानं काय ठरवलं

आम्ही वैमानिकाचे चार प्रश्न वावराला लावले.

सकाळी निघण्याआधी एक जण हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघते. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला येतो. फवारणी, काढणी त्यावरून ठरवतो.

दुपारी तीच जण 'दामिनी' हे ॲप बघते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं हे ॲप आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत विजा पडत आहेत का, ते दाखवतं. मोबाइलला रेंज नसेल तर कान आहेतच. वीज चमकली की मोजायला लागायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथं काम थांबवायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत वावरात जायचं नाही.

कुठं जायचं तेही सकाळीच ठरतं. पक्कं घर, शाळा, नाहीतर बंद दारांची गाडी. झाडाखाली नाही आणि उघड्या शेडखालीही नाही. काहीच जवळ नसेल तर एकमेकींपासून लांब होऊन, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. कुणाला वीज लागलीच, तर तिला हात लावायला भ्यायचं नाही, तिच्या अंगात वीज साठून राहत नाही. लगेच १०८ ला फोन करायचा. श्वास थांबला असेल आणि छाती दाबायची रीत कुणाला येत असेल, तर तिनं वाट बघू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, "थांबा" म्हणायचा हक्क. त्या दिवसाची पाळी जिची, ती म्हणाली की विळे खाली. वाद नाही, टोमणा नाही. उरलेलं काम दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पुरं करायचं, म्हणजे वावरवालीचं आणि मजुरीवालीचं, दोघींचं नुकसान कमी होतं. यंदा दोनदा असं झालं. एकदा वीज पडली नाही, नुसतीच सर येऊन गेली. कुणी कुरकुर केली नाही. वैमानिकही थांबतो आणि आभाळ मोकळं होतं, तेव्हा तो चुकला असं कुणी म्हणत नाही.

जाता जाता एक नाव ध्यानात ठेवा, अण्णा मणी. १९१८ साली केरळात जन्मलेल्या या बाई १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. हवा मोजणारी उपकरणं आपल्या देशात तयार व्हावीत म्हणून त्या झटल्या आणि खात्याच्या उपमहासंचालक होऊन निवृत्त झाल्या. आभाळ वाचायचं काम बायकांना नवं नाही.

येत्या बैठकीत तुमच्या गटातही हे चार प्रश्न मांडा. पाळी कुणाची, आसरा कुठला, थांबायचं कधी, हे वहीत लिहून ठेवा. आभाळ भरण्याआधी.