इंग्रजीचा सराव – लेखांक 6 : एकच गोष्ट तीनदा सांगा

गेल्या आठवड्यात ऐकण्याचा विचार केला. उपनगरांत कानावर पडणारं इंग्रजी काही कमी नाही. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतल्या घोषणा, अंधेरी एमआयडीसीतल्या मीटिंगा, घरात मुलांचे व्हिडिओ. शिवाय 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही मुलुंड-बोरिवलीची कितीतरी हुशार मुलं-मुली ग्राहकाचा मेल झटकन समजून घेतात आणि त्याच ग्राहकाचा फोन आला की गप्प होतात. मग पुन्हा व्याकरणाचं पुस्तक उघडलं जातं. मला हा उपाय चुकीच्या जागी लावलेला वाटतो. कॅनडात 1965 पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवायला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना ते उत्तम समजू लागलं, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहिली. त्यावरून मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी 1985 मध्ये मांडलं की, समजण्यानं बोलणं आपोआप येत नाही. बोलण्याचा सराव बोलूनच व्हावा लागतो.

तो कसा करायचा? कीथ मॉरिस यांनी 1983 मध्ये सुचवलेली एक सोपी रीत आहे. एकच गोष्ट तीन वेगळ्या माणसांना सांगायची : आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. विषय आपल्या कामातलाच घ्यावा. समजा, भिवंडीच्या गोदामातून माल उशिरा का निघाला, हे सांगायचं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यानं विचार करायला सवड मिळते. इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ लागतं आणि जीभ नेमकी तिथे अडते. पहिल्या खेपेला ‘द ट्रक...’ म्हणून आपण थांबतो. तिसऱ्या खेपेपर्यंत ‘द ट्रक लेफ्ट लेट’ हे सलग तोंडात बसलेलं असतं.

यावर रास्त आक्षेप असा की, चुकीचं तीनदा बोललं तर चूकच पक्की होईल. हा धोका खरा आहे. फ्रँक बोअर्स यांनी 2014 मध्ये हीच रीत तपासली, तेव्हा पहिल्या खेपेच्या बऱ्याच चुका पुढेही तशाच आलेल्या दिसल्या. म्हणून पहिली खेप फोनवर रेकॉर्ड करावी, ऐकावी आणि ‘डिडन्ट केम’सारखी एखादीच चूक दुरुस्त करून मग दुसरी खेप घ्यावी. सगळ्या चुका एकदम धरायला गेलं तर बोलणंच बंद पडतं.

दुसरा आक्षेप मनाला लागणारा आहे : मराठी माणसांनी आपसांत इंग्रजी का बोलावं? पण इथे आपण मागतोय ती दिवसाची जेमतेम नऊ मिनिटं, बाकी दिवस मराठीचाच. आणि ऐकणारी माणसं हसणारी नसली की झालं. घरातली बहीण, लोकलच्या ग्रुपमधला मित्र, डबा खाताना शेजारी बसणारी सहकारी. मात्र दर खेपेला माणूस बदला. तीच व्यक्ती तिसऱ्यांदा ऐकायला बसली, तर तिला सगळं ठाऊक असतं आणि सांगणारा अर्धी वाक्यं गिळतो.