विश्लेषण : मालवाहू जहाजे रडारच्या पहाऱ्यावर का गेली?

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’चा स्फोट झाला. त्यामुळे गोदीपासून डिलाईल रोड, लालबागपर्यंतच्या मुंबईला युद्धकाळातील मालवाहू जहाज कायमचे लक्षात राहिले. त्याच काळात अमेरिकेने बांधलेल्या ‘लिबर्टी’ जहाजांपैकी १६ जहाजांना पुढे वेगळेच काम मिळाले.

काम कोणते?

शीतयुद्धात सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांची चाहूल वेळेत लागणे आवश्यक होते. पृथ्वीच्या वक्रतेमुळे किनाऱ्यावरील रडारला दूरचे, खालून उडणारे विमान दिसत नाही. म्हणून रडारच समुद्रात नेण्यात आले. १९५५ मध्ये ‘गार्डियन’ हे या मालिकेतील पहिले जहाज नौदलात दाखल झाले.

मालवाहूच का?

वेग जेमतेम ११ नॉट. पण एका जागी घिरट्या घालणाऱ्याला वेग कशाला? जहाजे तयार होती आणि विनाशिका गुंतवण्यापेक्षा स्वस्त होती. प्रशस्त तळघरांत नियंत्रण कक्ष आणि सुमारे दीडशे जणांची राहण्याची सोय झाली. खवळलेल्या अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये हे नौसैनिक आठवडेच्या आठवडे पडद्यावर नजर लावून बसत.

शेवट कसा झाला?

धोका विमानांकडून क्षेपणास्त्रांकडे सरकला आणि १९६५ मध्ये सर्व जहाजे निवृत्त झाली. भारताने मात्र जुने जहाज बदलले नाही. क्षेपणास्त्रांचा माग घेण्यासाठी विशाखापट्टणमला खास बांधलेली ‘आयएनएस ध्रुव’ २०२१ मध्ये सेवेत आली.