नवोदित कथालेखकाचे स्वयंप्रकाशन

कळमेश्वर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, नागपूर–इटारसी लोहमार्गावरील एक स्थानक. याच मार्गावर पुढे नरखेड लागते; मराठी लघुकथाकार वामन कृष्ण चोरघडे यांचे ते जन्मग्राम. अशा गावी कथालेखक निपजावा यात नवल नाही. त्याची कथा पुस्तकरूपाने निघण्याची सोय मात्र गावात नसते. मराठी ग्रंथव्यवहाराची मोठी पेठ पुण्या-मुंबईची; तिच्याशी परिचय नसलेल्या लेखकाचे हस्तलिखित पुष्कळदा उत्तरावाचून पडून राहते. तेव्हा ‘आपणच छापू’ हा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक होय. परंतु छापणे म्हणजे प्रकाशन नव्हे, आणि बहुतेक नवे लेखक फसतात ते नेमके येथेच.

प्रकाशक लेखकाकरिता तीन कामे करतो. तो हस्तलिखिताची निवड व संस्करण करतो, त्यात आपले भांडवल गुंतवितो आणि तयार प्रती वाचकांपर्यंत पोचवितो. मुद्रण हे या तिन्हींच्या मध्ये येणारे, आणि आज तर सर्वांत सुलभ झालेले काम आहे. पूर्वी खिळे जुळवून फर्मे छापीत तेव्हा थोड्या प्रती काढणे परवडत नसे. अंकीय मुद्रणामुळे आता शंभर किंवा त्याहूनही कमी प्रती काढता येतात. अडचण हलली आहे, ती संपलेली नाही.

ही अडचण मराठीत सर्वांत यशस्वीपणे सोडविली ती हरि नारायण आपटे यांनी. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले व ते १९१७ पर्यंत चालले. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’, ‘मी’, ‘उषःकाल’ या कादंबऱ्या या साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपुढे आल्या. हरिभाऊंच्या प्रतिभेची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यांच्या व्यवहारज्ञानाची तितकी झालेली नाही. वाचक आधी मिळवावा, ग्रंथ मागाहून सिद्ध करावा, हा क्रम त्यांनी पत्करला. वर्गणीदार प्रत्येक आठवड्यास पुढील प्रकरणाची वाट पाहत असल्यामुळे पुस्तकास गिऱ्हाईक शोधीत हिंडण्याचा प्रश्न बराचसा सुटलेला असे. शिवाय आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनाचे काम त्यांच्याकडे असल्याने कादंबरीच्या विक्रीवर चूल पेटण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. स्वतंत्र लेखकाच्या स्वातंत्र्याचा हा दुसरा आधार सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

भांडवल उभारण्याचा निराळा मार्ग नागपूरकरांस परिचित आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाकरिता नागपुरात मंडळ स्थापून भागभांडवल गोळा केले होते. कोश म्हणजे कादंबरी नव्हे, आणि एका कथासंग्रहासाठी कोणी भाग विकत घेणार नाही, हे खरे. तथापि प्रकाशनपूर्व सवलतीच्या दरात प्रतींची आगाऊ नोंदणी करणे, ही त्याच तत्त्वाची घरगुती आवृत्ती आहे.

ती का आवश्यक ठरते हे हिशेबाने लवकर समजते. उदाहरणादाखल मानलेले आकडे घेऊ. तीनशे प्रतींस एकंदर खर्च ३६,००० रुपये आला, म्हणजे प्रतीस १२० रुपये पडले. किंमत २४० रुपये ठेवली. वितरकास चाळीस टक्के सूट दिली तर लेखकाच्या हाती प्रतीमागे १४४ रुपये येतात, आणि घातलेले पैसे परत मिळण्यास २५० प्रती खपाव्या लागतात. कायद्याने द्यावयाच्या व अभिप्रायार्थ द्यावयाच्या मिळून तीस प्रती वगळल्या तर विकण्यास २७० च उरतात. म्हणजे जवळजवळ सर्व आवृत्ती संपली तरच मुद्दल सुटते! उलट त्याच प्रती पूर्ण किमतीस स्वतः विकल्या तर दीडशेतच खर्च भरून निघतो. टपालहशील यात धरलेले नाही. आणि ‘नोंदणीकृत छापील पुस्तके’ ही सवलतीची टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्यापासून लहान गावाहून एकेक प्रत धाडणाऱ्यास ते अधिकच जाणवते.

यास्तव कळमेश्वरच्या लेखकाने प्रथम वाचक जोडावा. दिवाळी अंकातील एखादी कथा, तालुक्यातील वाचनालयात केलेले वाचन, ‘प्रतिलिपि’सारख्या माध्यमावर क्रमशः दिलेली दीर्घकथा, ही सर्व ‘करमणूक’चीच वंशज होत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानयोजनाही आहे. तिची चौकशी पदरचे पैसे घालण्यापूर्वी करावी.

संस्करणाचे काम मात्र अनुदानाने भागत नाही. प्रकाशकाच्या नकाराचा राग मनात असलेला लेखक परखड वाचकासही टाळतो, आणि स्वयंप्रकाशित कथावाङ्मयाची जी अपकीर्ती आहे तिचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे. मुद्रितशोधन तर दोनदा आवश्यक आहे. लेखक युनिकोडमध्ये लिहितो. अनेक मुद्रणालये अद्याप जुन्या टंकांवर जुळणी करतात. या रूपांतरात रफार निसटतो, जोडाक्षर फुटते आणि निर्दोष हस्तलिखिताचे सदोष पुस्तक होते. मूळ प्रत तपासली होती, एवढ्यावर विसंबणे धोक्याचे.

लेखकाकडूनच खर्च घेऊन वर हक्कही मागणाऱ्या संस्थांविषयी सावध असावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार प्रताधिकार कृती निर्माण होताच लेखकाकडे येतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. ज्याने भांडवल घातले नाही त्यास हक्क का द्यावा, हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावयास हवा. आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथक्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याकरिता पैसे मोजण्याचे कारण नाही.

राहता राहिला ग्रंथदानाचा प्रश्न, आणि तो संशोधकांच्याही जिव्हाळ्याचा आहे. १८६७ च्या कायद्यान्वये ब्रिटिश अमदानीत पुस्तकांची सरकारी नोंद होऊ लागली. या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या, १ मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यात फक्त नियतकालिके राहिली. ग्रंथ वगळले गेले. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा मात्र कायम असून, त्यानुसार प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांस स्वखर्चाने एकेक प्रत द्यावयाची असते. स्वयंप्रकाशनात प्रकाशक म्हणजे लेखकच. पण चार प्रतींचे हे कर्तव्य आपले आहे याची जाणीव अनेकांस नसते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’मुळे १८०० ते १९३७ या काळातील विस्मृत कादंबऱ्यांचाही माग आज काढता येतो. कळमेश्वरात निघालेली तीनशे प्रतींची कादंबरी या चार ग्रंथालयांत गेली नाही, तर पन्नास वर्षांनी विदर्भातील कथेचा अभ्यास करणाऱ्यास ती निघाली होती हे कळण्यासही साधन उरणार नाही.