गोमंतकांतील ग्रामचर्च व गांवकरी
गोमंतकांतील खेड्याचा मूळ आधार गांवकरी ही संस्था होय. सारा व देवस्थानाचा खर्च भागल्यावर सामाईक जमिनीचें उरलेलें उत्पन्न गांवकर ‘जोण’ म्हणून वांटून घेत. तिसवाडीचे असे रिवाज १५२६ च्या ‘फोराल’ नामक सनदेंत नमूद आहेत. १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. त्यांच्या जमिनींचें उत्पन्न चर्चकडे वळलें. कांहीं कुळें मूर्ति घेऊन अंत्रुज महालांत गेलीं. जीं राहून ख्रिस्ती झालीं, त्यांचे वांगड जुने मानपान घेऊनच चर्चच्या ‘कोंफ्रारिया’ नामक उत्सवमंडळांत शिरले. गांव पूर्वीं देवळापुढें जमे, तो आतां चर्चपुढें जमूं लागला. यास्तव चर्चचीं दप्तरें केवळ धर्मांतराचीं नव्हेत, तर ग्रामसंस्थेच्या इतिहासाचींहि साधनें समजून तपासलीं पाहिजेत.